बेळगावला महिन्याची देणगी हवी

बेळगावात नव्यानं आलेल्या माणसाला पत्ता सांगताना आपण देणगीदारांच्या नावानंच सांगतो. आरपीडी क्रॉसला उतरा, जीएसएस कॉलेजवरून पुढं या, गोगटे सर्कलला रिक्षा मिळेल, लिंगराज कॉलेजच्या अंगानं वळा. राणी पार्वतीदेवी, गोविंदराम सेक्सरिया, शिरसंगीचे लिंगराज देसाई, वंटमुरीचे राजा लखमगौडा, गोगटे, गिलगंची-अरटाळ. रोज शेकडो तोंडांतून जाणारी ही नावं मंत्र्यांची नाहीत, सेनापतींचीही नाहीत. परक्यांची पोरं शिकावीत म्हणून ज्यांनी पदरचं काढून दिलं, त्यांची ती आहेत. फौंड्रीचं शहर, लष्कराचं शहर, सीमावादाचं शहर अशी बेळगावची ओळख बाहेर सांगितली जाते. इथं राहणाऱ्याला मात्र हे शहर देणाऱ्यांनी बांधलेलं दिसतं.

तरीही या नावांमुळे एक गैरसमज होतो. पाटीवर नाव त्याचं असतं ज्यानं इमारत दिली. त्या इमारतीत पन्नास-साठ वर्षं रोज दिवा लावला, खडू पुरवला, शिपायाचा पगार वेळेवर काढला, त्यांची पाटी कुठंच नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की हे शहर एकरकमी देणग्यांनी उभं राहिलं, पण टिकलं ते दर महिन्याला न चुकता वेळ आणि पैसा देणाऱ्यांमुळे. आज आपण इमारतीला देतो, उत्सवाला देतो, महापूर आला तर हात अजिबात आखडत नाही. संस्था चालवायला मात्र देत नाही. आणि बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या शाळा, वाचनालयं, वसतिगृहं, वृद्धाश्रम यांना आज नेमकी त्याचीच टंचाई आहे.

१९१६ हे साल बेळगावच्या इतिहासात दोन ठिकाणी येतं. एप्रिलमध्ये टिळकांनी इथं होमरूल लीगची स्थापना केली, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सात शिक्षकांनी एक शाळा काढली. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन, म्हणजे केएलई सोसायटीची ती सुरुवात. या सात जणांना कन्नड लोक सप्तर्षी म्हणतात. बसवनाळ, साखरे, कट्टीमनी, ममदापूर, हंचिनाळ, चिकोडी आणि पाटील ही त्यांची आडनावं. पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीची दारं सहज उघडायची, असा तो काळ. ती वाट सोडून यांनी तुटपुंज्या पगारावर शाळा चालवायचं ठरवलं. राजे, देसाई, व्यापारी अशी मोठी माणसं त्यांच्यामागं उभी राहिली, ती हे लोक टिकून काम करणारे आहेत याची खात्री पटल्यावर.

शिरसंगीच्या लिंगराज देसाईंचं उदाहरण याच दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. आपली दौलत समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून ते १९०६ साली वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज बेळगावात सुरू व्हायला १९३३ साल उजाडलं. दातृत्व होतं, निधी होता, तरी मधली सत्तावीस वर्षं जावी लागली. त्या काळात रोज वर्गावर जाणारे, विद्यार्थी गोळा करणारे, हिशेब लिहिणारे लोक तयार होत होते. १९६३ साली सुरू झालेलं केएलईचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि नंतरचं मोठं हॉस्पिटल हे त्याच रोजच्या कामाचं फळ आहे. आज चंदगडचा शेतकरी, सावंतवाडीकडचा बागायतदार, गोव्यातली आई आपलं माणूस घेऊन बेळगावला धाव घेते. त्या धावण्यामागं सात मास्तरांचा महिन्याचा हिशेब आहे.

मराठी बाजूलाही हीच गोष्ट आहे, फक्त ती आपण कमी सांगतो. सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. म्हणजे १८५७च्या उठावाच्याही आधीपासून या गावात लोक वर्गणी भरून पुस्तकं विकत घेतायत, आळीपाळीनं वाचतायत. पावणेदोनशे वर्षांत इंग्रज गेले, मुंबई राज्य गेलं, म्हैसूर राज्य आलं, त्याचं कर्नाटक झालं, गावाचं सरकारदरबारचं नाव बदललं. वाचनालय चालू राहिलं. एखाद्या संस्थेला एवढं आयुष्य एका मोठ्या देणगीनं मिळत नाही. सभासदाची महिन्याची वर्गणी, संध्याकाळी तास-दोन तास येऊन बसणारे पदाधिकारी आणि कमी पगारावर पुस्तकांची धूळ झटकणारा ग्रंथपाल, यांनी ते मिळतं. दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळ, मराठा मंडळ, साउथ कोकण एज्युकेशन सोसायटी यांच्या शाळा-कॉलेजांचंही तेच. निपाणीत तर याहून मोठं नवल आहे. तिथलं देवचंद कॉलेज एका तंबाखू व्यापारी घराण्याच्या देणगीतून उभं राहिलं. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, आणि शिकायला येणारी निम्मी-अधिक पोरं कर्नाटकातल्या निपाणीची आणि आसपासच्या खेड्यांतली. राज्यांची हद्द त्या कॉलेजच्या वाटेत आडवी आली, पण पोरांच्या वाटेत आली नाही.

समारंभ आणि टिकाऊ काम यांची सांगड कशी घालायची, तेही याच गावानं एकदा दाखवलं आहे. डिसेंबर १९२४ मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते. टिळकवाडीकडच्या त्या माळावर हजारो लोकांच्या पाण्याची सोय कशी करायची हा प्रश्न होता, म्हणून विहीर खोदली. मंडप दोन दिवसांनी उतरला. विहीर शंभर वर्षं झाली तरी आहे, आणि गावात तिला अजून काँग्रेस विहीरच म्हणतात. कुठल्याही उत्सवाच्या जमाखर्चाला मी हाच प्रश्न विचारतो. मंडप उतरल्यावर मागं काय राहिलं?

आता गणेशोत्सवाकडं येतो, कारण आपल्या समाजसंघटनेचं खरं बळ तिथं आहे. १९०५ साली झेंडा चौकात टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. आज शहरात तीनशेहून अधिक सार्वजनिक मंडळं आहेत. चव्हाट गल्लीपासून अनगोळपर्यंत, शहापूरपासून कॅम्पपर्यंत गल्ली नाही जिथं मंडळ नाही. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते आणि कपिलेश्वर तलावापाशी शेवटची मूर्ती जाईपर्यंत हजारो कार्यकर्ते झोपत नाहीत. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते, तेव्हा गल्लीगल्लीतली पोरं महिनाभर रात्री जागून देखावे बसवतात. एवढी माणसं, एवढी शिस्त, एवढा जीव लावून केलेलं काम दुसऱ्या कुठल्या शहराकडं असेल असं मला वाटत नाही.

वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांना नीट पाहा. श्रावणात संध्याकाळी चार-पाच जण येतात. एकाच्या हातात पावती पुस्तक, एकाच्या हातात पेन, मागं एक थोराड कार्यकर्ता उभा. पुस्तकात गेल्या वर्षीची स्थळप्रत उघडलेली असते. "काका, गेल साली पाचशेएक घातलेलं, यंदा वाढवा की ओ." पुढच्या घरात आवाज खाली येतो, कारण त्या घरातला कर्ता माणूस फौंड्रीतून कमी झालाय. तिथं आकडा मागत नाहीत, देतील ते घेतात. त्याच्या पुढच्या घरी म्हातारी एकटी असते. तिच्याकडं एकावन्न रुपये घेतात आणि जाताना गॅसचं सिलिंडर बदलून देतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं मात्र बिनधास्त पाच हजार मागतात. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाची मुलगी इंजिनिअरिंगला गेली, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचं घर महिनाभर बंद आहे, हे सगळं या पोरांना तोंडपाठ असतं. महापालिकेच्या कुठल्याही वॉर्ड ऑफिसात ही माहिती नाही. मंडळाची खरी पुंजी हीच आहे. मूर्तीची उंची किंवा डॉल्बीचा आवाज ही पुंजी नव्हे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये या पुंजीची किंमत कळली. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकाच वेळी फुगल्या. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, निपाणी भागात गावंच्या गावं पाण्यात गेली. शहरातही बळ्ळारी नाला फुगला आणि वडगाव, शहापूरकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं. विणकरांचे खड्डामाग जमिनीतच असतात, त्यामुळे पाणी घरात शिरलं की माग आणि सूत दोन्ही जातं. आधी माणसं बाहेर काढली ती गल्लीतल्या पोरांनी, कारण कुठल्या घरात म्हातारं माणूस खाटेवर आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. मग मंगल कार्यालयं उघडली, चपात्या लाटायला बायका बसल्या, औषधं आणि चादरी गोळा झाल्या. पुढं महिनाभरात गणपती आला, तेव्हा अनेक मंडळांनी देखावे आवरते घेऊन रक्कम पूरग्रस्तांकडं वळवली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत २०२१ साली ऑक्सिजनसाठी रात्री-अपरात्री धावणारी आणि जवळच्यांनीही पाठ फिरवलेल्या मृतदेहांचे अंत्यसंस्कार करणारी पोरं यांच्यातलीच होती.

म्हणून मंडळांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. मला वाईट वाटतं ते याचं की एवढी ताकद वर्षातले दोन-तीन आठवडे कामाला येते, किंवा आभाळ कोसळल्यावर. उरलेले अकरा महिने पावती पुस्तक कपाटात असतं. आणि शहराच्या संस्था मरतात त्या याच अकरा महिन्यांत, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता.

कशा मरतात ते सांगतो. तालुक्यातल्या एका मराठी शाळेत माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेनं डिजिटल बोर्ड दिला. फीत कापली, फोटो निघाले, बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांना भरून आलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वर्षभरानं तो बोर्ड सतरंजीनं झाकलेला होता. बॅटरी गेलेली, दुरुस्तीला तीन-चार हजार लागणार, ते कुठल्या खात्यातून काढायचे हे मुख्याध्यापिकेला ठाऊक नव्हतं. त्याच शाळेत गणिताला शिक्षक नव्हता. दुभती म्हैस आणून दारात बांधली आणि वैरणीचं कुणी विचारलंच नाही, अशातला हा प्रकार. बोर्ड देणाऱ्यांपैकी एकानं जरी दर महिन्याला पाचशे रुपये चालू ठेवले असते, तरी तो बोर्ड आज चालू असता.

अनुदानित मराठी हायस्कुलांचं दुखणं याहून मोठं आहे. शिक्षक निवृत्त होतो, जागा मंजूर व्हायला वर्षं लोटतात. तोवर संस्था आपल्या खिशातून मानधनावर कुणाला तरी उभं करते. बी.एड. झालेली, दोन भाषा सफाईनं बोलणारी मुलगी पाच-सात हजारांवर दिवसभर शिकवते आणि संध्याकाळी शिकवण्या घेते. चांगली नोकरी मिळाली की ती जाते, जायलाच हवं, आणि मुलांचं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पालकांना हे दिसतं. मग ते पोराला इंग्रजी शाळेत घालतात आणि आपण व्यासपीठावरून मराठी शाळा वाचवा म्हणतो.

जरा हिशेब मांडू. तीनशे मंडळं धरा. प्रत्येकानं महिन्याला फक्त दोन हजार बाजूला काढले तर महिन्याचे सहा लाख, वर्षाचे बहात्तर लाख होतात. महिना दहा हजार मानधन धरलं तर साठ शिक्षक वर्षभर उभे राहतात. दहा हजार हे काही मानाचं मानधन नव्हे, पण आज अनेकांना तेवढंही मिळत नाही. महिना दोन हजार म्हणजे मंडळाच्या एका रात्रीच्या साउंड सिस्टिमच्या भाड्यापुढं काहीच नाही.

लोक म्हणतात, महिन्याला द्यायची सवय आपल्या लोकांना नाही. मला हे पटत नाही. खडेबाजारातल्या दुकानदाराकडं रोज संध्याकाळी बँकेच्या रोजच्या बचतीचा पिग्मीवाला येतो आणि शंभर-दोनशे रुपये घेऊन जातो, धंदा झालेला असो वा नसो. गल्लीगल्लीत बायकांच्या भिशा वर्षानुवर्षं चालतात आणि तिथं हप्ता चुकवलेली बाई कधी ऐकली नाही. बेळगावात १९०६ साली पायोनियर अर्बन बँक निघाली, म्हणजे थोडं थोडं जमवून मोठं काम करायची रीत आपल्याकडं शंभराहून अधिक वर्षं आहे. सवय आहे. ती आपण अजून दानाला लावलेली नाही, एवढंच. माझं तर मत आहे की मंडळाच्या मासिक निधीचा कारभार भिशी चालवणाऱ्या बायकांकडं द्यावा. मंडळांच्या कमिट्यांत बायका आरतीपुरत्या असतात, हिशेबाच्या वहीपाशी नसतात, आणि हिशेब तर त्यांनाच जास्त नीट जमतो.

थोडं थोडं, पण सतत, याचं एक चांगलं उदाहरण गावात आहेच. शांताई विद्या आधार या उपक्रमात लोकांच्या घरची रद्दी गोळा करून विकतात आणि त्या पैशांतून गरजू मुलांची फी भरतात. वर्तमानपत्र वाचून झालं की ते कुणाच्या तरी वह्या-पुस्तकांच्या कामी येतं. इथं कुणाला लाख रुपये द्यावे लागत नाहीत, कुणाची पाटी लागत नाही, पण दर महिन्याला घरातून गठ्ठा निघतो. रद्दीच्या भावात जे जमतं ते पगाराच्या भावात का जमू नये?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. शाळा चालवणं, दवाखाना चालवणं, पाणी देणं हे सरकारचं काम आहे. आम्ही कर भरतो. लोकांनी वर्गणी काढून शिक्षक नेमायचे तर सरकारला जागा भरायची घाई कशाला राहील?

हे अर्धं खरं आहे. देणगीनं सरकारची जबाबदारी संपता कामा नये, आणि जिथं एखादी संस्था केवळ देणगीवर सरकारी दुर्लक्ष झाकून नेते, तिथं ती आपल्याच मुलांचं नुकसान करते. पण आपला अनुभव उलटाही आहे. ज्या शाळेभोवती लोक जमलेले असतात त्या शाळेची फाईल हलते. जिथं शाळा सुधारणा समितीचे लोक दर महिन्याला बसतात, तिथं शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. १९९०च्या दशकात शहरात पाण्याची टंचाई झाली, तेव्हा जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणायचं काम महापालिकेनं केलं. पण या विहिरी कुठं आहेत, त्यांचं पाणी कसं आहे, हे शहरातल्या जाणकारांना आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं म्हणून ते जमलं. संघटित लोक सरकारचं काम हलकं करत नाहीत, ते सरकारला काम चुकवू देत नाहीत. महिन्याची देणगी देणारा माणूस दर महिन्याला विचारतो, मंजुरीचं काय झालं? एकदाच देणारा फीत कापून निघून जातो.

सीमाभागात याला आणखी एक धार आहे. १९५६ पासून आपण दोन सरकारांच्या मधे आहोत. एक म्हणतं, प्रश्न न्यायालयात आहे, तोवर आम्ही काय करणार. दुसरं म्हणतं, प्रश्नच नाही. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर आज नोकरीला लागलंय, एखाद्याचं लग्नही झालंय. आपल्या भाषेतून शिकण्याचा, आपल्या भाषेत सरकारी कागद मिळवण्याचा हक्क आपण मागत राहिलंच पाहिजे, त्यात मला तडजोड नको आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करतानाही मनात हेच असतं. पण निकालाची वाट पाहत शाळेचं छप्पर गळू देणं ही त्या हुतात्म्यांची आठवण नव्हे. मुंबईतून येणाऱ्या घोषणेवर आणि बेंगळुरूतून येणाऱ्या अनुदानावर ज्या संस्थांचा श्वास अवलंबून राहील, त्या सीमाभागात फार दिवस टिकणार नाहीत. स्वतःच्या लोकांच्या महिन्याच्या पैशांवर ज्या उभ्या असतील, त्यांनाच दोन्ही सरकारांशी ताठ मानेनं बोलता येईल.

आणि स्वतःचे लोक म्हणजे फक्त मराठी लोक असं मी म्हणत नाही. कन्नड शिक्षकांनी काढलेल्या संस्थेच्या दवाखान्यात मराठी बाळंतीण सुखरूप घरी येते, मराठी माणसांच्या कॉलेजात कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं शिकून मोठी होतात, वडगावच्या विणकरवाड्यात एका घरात तीन भाषा चालतात. शांतपणे चाललेली ही देवाणघेवाण शहराला धरून आहे. मोर्चाच्या दिवशी काच फुटते ती बातमी होते. रक्तपेढीत कुणी कुणाचं रक्त घेतलं ती बातमी होत नाही. मराठी मंडळानं आपल्या वॉर्डातल्या अंधशाळेला महिना बांधून दिला तर तिथं मुलाची मातृभाषा विचारायचं कारण नाही. आपल्या भाषेच्या शाळा-वाचनालयांना आधी देऊ, कारण त्यांना दुसरं कुणी नाही, पण आपल्या शहराच्या दुखण्यालाही देऊ.

पैशाच्या बाबतीत विश्वास हा शेवटी सगळ्यात अवघड भाग. या भागात पतसंस्था बुडालेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे अडकून बसलेल्या माणसाला तुम्ही आणखी एका संस्थेची पावती दाखवली तर तो दार लावून घेणारच. त्याचं चूक नाही. कित्येक मंडळांची नोंदणी नाही, स्वतंत्र बँक खातं नाही, जमाखर्च अध्यक्षाच्या खिशातल्या डायरीत असतो. पैसा कुणी खात नसेलही, पण लिहिलेलं दिसत नाही तोवर लोकांनी मानायचं कसं? काही देवस्थानांच्या पंच कमिट्या वर्षाचा जमाखर्च मंदिराच्या भिंतीवर फळ्यावर लिहून लावतात. नारळ किती आले, तेल किती लागलं, पुजाऱ्याला काय दिलं, शिल्लक किती. तोच फळा मंडळाच्या मंडपात लागला पाहिजे. नोंदणी, खातं, वर्षातून एकदा तपासणी आणि फळा, एवढं झालं तरी निम्मी अडचण संपेल. जे धर्मादाय नोंदणी करून देणगीवरच्या आयकर सवलतीचं ८०जी प्रमाणपत्र घेतील त्यांच्या जुन्या करपद्धतीतल्या देणगीदारांना करात सूटही मिळेल, फक्त दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती सवलत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्यावं.

उद्योजकांबद्दल थोडक्यात. २०१३च्या कंपनी कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला देणं बंधनकारक केलं, पण ते मोठ्या कंपन्यांना, म्हणजे पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असणाऱ्यांना. उद्यमबाग आणि मच्छेतल्या बहुतेक फौंड्र्या आणि मशीन शॉप त्यात बसत नाहीत. त्यामुळे आपल्याकडं हा पैसा आपोआप येणार नाही. जो येईल तो मालकाच्या मनातून येईल, जसा आधीच्या पिढ्यांत आला. पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलांचंही तेच. ती दिवाळीत येतात, शाळेला भेट देतात, भारावून एक रक्कम देतात. त्यांनी ती रक्कम बारा भागांत, बँकेला सूचना देऊन पाठवावी. शाळेच्या दृष्टीनं एका वर्षीचे साठ हजार आणि दर महिन्याचे पाच हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच हजार येणार हे ठाऊक असलं की मुख्याध्यापक माणूस नेमू शकतो.

खेड्यांनी याबाबत शहराला मागं टाकलं आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असतं, बायका डोक्यावर कलश घेऊन पुढं चालतात, बाहेरून आलेल्या कवी-लेखकांची सोय गावकरी करतात. शेतकऱ्यांच्या वर्गणीवर हे चालतं. कुठल्याही सरकारनं मदत करो वा न करो, पुढच्या वर्षी संमेलन भरणार हे गावाला ठाऊक असतं, कारण त्यामागं वर्षभर भेटणारे, हिशेब ठेवणारे साहित्य संघ आहेत. या गावांकडं मला एकच मागणं मागावंसं वाटतं. संमेलनाच्या वर्गणीतून गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालाचा वर्षाचा पगार आधी बाजूला काढावा, मग मंडप ठरवावा.

यंदा मंडळांच्या पहिल्या बैठका होतील तेव्हा मूर्ती आणि देखाव्याच्या विषयाआधी हा एक विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक मंडळानं आपल्या वॉर्डातली एक संस्था निवडावी. शाळा असेल, वाचनालय असेल, बालवाडी असेल, मतिमंद मुलांचं केंद्र असेल. तीन वर्षांसाठी महिन्याची रक्कम ठरवावी, लहान असली तरी चालेल, आणि ती फक्त चालू खर्चाला द्यावी: पगार, वीजबिल, दुरुस्ती, पुस्तकं. वर्षातून दोनदा कार्यकर्त्यांनी तिथं जाऊन बसावं आणि काय चाललंय ते पाहावं. गणपतीच्या एका आरतीनंतर त्या संस्थेच्या माणसानं येऊन जमाखर्च वाचून दाखवावा. तीन वर्षांनी मंडळाला दुसरी संस्था घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, पण पहिलीला सहा महिने आधी लेखी कळवावं, म्हणजे तिथल्या शिक्षकाचा पगार एकाही महिन्याला अडणार नाही.